रुमालाखालचा अहवाल

"बाई, निम्मं मला कळलं न्हाय," दगडूतात्या म्हणाले, "पर तुमी वाचलं मात्र झ्याक."

मी अहवालाचं शेवटचं पान खाली ठेवलं आणि समोर पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली शाळेचे सगळे पालक बसले होते. कुणी पोत्यावर, कुणी कडब्याच्या पेंढीवर, बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन. कुणाच्याच चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बैलबाजाराचं गाव ते. चेहऱ्यावर काही दिसू न देणं तिथं लहानपणीच शिकवतात.

कौठवाडीच्या बैलबाजाराच्या मैदानाला लागून पत्र्याचं एक लांबट शेड होतं. पूर्वी त्यात आजारी जनावरं बांधायचे. बाजार समितीनं ते आमच्या शाळेला वापरायला दिलं होतं, आणि मुलांनी ते इतकं रंगवून टाकलं होतं की जुने बैल ओळखणार नाहीत. आमच्या शाळेत परीक्षा नव्हती, मार्क नव्हते, पहिला-दुसरा नंबर नव्हता. शाळा काढली होती सुनंदाताईंनी. मिरजेच्या हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, ताडमाड उंच, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. मी त्यांची मदतनीस शिक्षिका. कोल्हापूरहून एका वर्षासाठी म्हणून आले होते, आणि ते एक वर्ष तिसऱ्यांदा संपत आलं होतं.

मुलांना आपण मार्क देत नाही याचा अर्थ आपल्याला कुणी जाब विचारायचा नाही असा होत नाही, हे ताईंचं ठाम मत. म्हणून दर चैत्रात, बाजाराच्या दिवशी, शाळेनं वर्षभरात काय करू म्हटलं होतं, काय केलं आणि काय जमलं नाही, ते गावापुढं वाचून दाखवायचं. आधीच्या वर्षी ऐकायला दहाबारा माणसं आणि चार शेळ्या होत्या. त्यातल्या शेळ्या जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या असं मला वाटलं होतं.

त्या वर्षी मात्र सगळे आले होते, कारण शेडची मुदत संपली होती. बाजार समितीचे सभापती संपतराव विभूते यांना ते शेड कडबा ठेवायला हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच कडबा ठेवायला जागा नव्हती. ते सरळ म्हणाले होते, "पालकांस्नी शाळा पायजे असंल तर ऱ्हाऊ दे. नसंल तर उगा अडवून कशापायी ठिवायची? अहवाल वाचा, आन त्यांस्नीच इचारा."

ताईंना हे इतकं रास्त वाटलं की त्यांनी लगेच होकार देऊन टाकला. दुसरं शेड नव्हतं, दुसरी जागा नव्हती. पालक नाही म्हणाले तर जूनमध्ये शाळा उघडणार नव्हती.

"आता हात वर करून मत देऊया," ताई उभ्या राहून म्हणाल्या. "उघड. ज्यांना शाळा हवी त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांच्या माना मात्र वळल्या, संपतरावांकडे. संपतराव तंबाखू मळत बसले होते. अर्ध्या गावाची जनावरं त्यांच्या कडब्यावर उन्हाळा काढायची.

दगडूतात्या खाकरले. दगडूतात्या पुकळे म्हणजे या बाजारातले सगळ्यात जुने दलाल. बैल घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. गुलाबी पटका, कानात भिकबाळी, आणि आपल्यावाचून या मैदानावर गवताची काडी हलत नाही अशी पक्की समजूत. त्यांची नात आमच्याकडे दुसरीत होती म्हणून ते पालक समितीचे अध्यक्ष झाले होते. झाले म्हणजे त्यांनीच तसं जाहीर केलं होतं.

"ताई, हात वर करायचा म्हंजी कुणाच्या तरी तोंडाकडं बगून करायचा," ते म्हणाले. "आपल्यात तशी पद्धत न्हाय. आपली रीत काय हाय? रुमाल."

ती रीत मी रोज पाहत होते. बैलाचा सौदा तोंडानं कधीच होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. सगळा पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो.

"एकापासनं पाचापातूर," तात्या म्हणाले. "शाळा ज्याला जेवढी पटली तेवढी बोटं त्यानं धरायची. मी सगळ्यांकडनं फिरतो, सगळं टकुऱ्यात ठिवतो, आन शेवटाला सरासरी सांगतो. तीनाच्या वर गेलं तर शेड शाळंचं. खाली आलं तर कडब्याचं. काय सभापती?"

"चालतंय," संपतराव म्हणाले. या मैदानावर रुमालाखाली ठरलेली गोष्ट आजवर कुणी मोडली नव्हती.

ताईंना ते मुळीच चाललं नाही. "अहो तात्या, आपण जाहीर अहवाल वाचला. आणि त्यावरचं मत झाकून?"

"अहवाल तुमचा हाय ताई, त्यो उघडाच पायजे," तात्या म्हणाले. "मत त्यांचं हाय."

ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मला मात्र मजा वाटू लागली होती. मुलांना मार्क न देणाऱ्या शाळेला आता गाव पाचापैकी मार्क देणार होतं. मग अडचण आली ती बायकांची. तात्यांनी बायाबापड्यांचे हात रुमालाखाली धरायचे हे कुणालाच पटेना, तात्यांना तर नाहीच. तेवढ्यात बायकांतून त्यांच्या घरच्या, तानूकाकी, उठून उभ्या राहिल्या.

"बायकांचं मी बगती," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्सं तुमी झोपंत बी भाव बोलताय. मला न्हाय कळायचं तर कुणाला?"

सगळे हसले. तात्या सोडून. काकींनी रुमाल घेतलाच नाही, त्यांनी पदर पुढं ओढला.

फेरी सुरू झाली. तिकडे तात्या एकेका बाप्यापुढं बसून हात रुमालाखाली घालत होते, इकडे काकी बायकांमधून पदर घेऊन फिरत होत्या. मी ताईंच्या शेजारी उभी होते. आम्ही वर्षभर राबलो होतो. मुलांनी गावाचा नकाशा केला होता, विहिरींचं पाणी मोजलं होतं, म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा करून लिहिल्या होत्या. जे जमलं नाही तेही मी वाचलं होतं. तिसरीतली चार मुलं अजून अडखळत वाचतात, इंग्रजीला आम्ही फार वेळ दिला नाही, वगैरे. तरीसुद्धा चार तरी नक्की मिळतील असं मी मनात धरून चालले होते. ताई वरून शांत दिसत होत्या, पण अहवालाच्या पानांची त्यांनी सुरळी करून करून पार काठी केली होती.

तात्या आणि काकी मधोमध येऊन भेटले, एकमेकांच्या कानाला लागले आणि मग तात्यांनी चहा सांगावा तितक्या सहज सांगितलं.

"दीडाच्या आसपास."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "किती?"

"दीड. कुणी एक, कुणी दोन. दोनाच्या वर कोन गेलं न्हाय."

लोक उठले. कुणी विडी पेटवली, कुणी चहाच्या गाड्याकडं गेलं. एवढी शाळा बंद पडली आणि माणसं चहाला गेली. ताईंनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघी शेडमध्ये आलो.

"निदान आपण विचारलं," ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नसता. मग त्यांनी भिंतीवरची चित्रं काढायला सुरुवात केली. त्या रडत नव्हत्या. एकेक टाचणी काढून डबीत टाकत होत्या, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

रडले ती मी. चांगली हमसून रडले. मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते आणि तोंडानं गावाचा उद्धार करत होते. या लोकांना काही कदर नाही, बैलाचे दात बघणाऱ्यांना मुलांचं काय कळणार, उद्याच्या पहिल्या गाडीनं मी कोल्हापूरला जाते, भावानं तिथं नोकरी बघूनच ठेवलीय. आणि हे बोलता बोलताच मला कळलं की मला जायचं नाही. घरी मी दर वेळी सांगायचे की ताईंना माणूस नाही म्हणून राहिलेय. ते खोटं होतं. मला ही मुलं आवडत होती. हे पत्र्याचं तापणारं शेड आवडत होतं, खिडकीतून बैल आत डोकावला की सगळा वर्ग त्याला गोष्ट वाचून दाखवायचा ते आवडत होतं. या गावात मी सुखात होते, आणि गावानं मला दीड दिला होता.

"काय वं बाई," दारातून आवाज आला. "शाळंला रंग द्यायचा हाय का?"

दारात मल्हारी देवकाते उभा होता. मेंढरांचा कळप असलेला माणूस, मुलगा धोंडिबा आमच्या चौथीत. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते. आमच्यासाठी आणलेले.

"रंग कसला, मल्हारी?" मी डोळे पुसत ओरडलेच. "तुम्हीच सगळ्यांनी आम्हाला बाहेर काढलंत ना आत्ता?"

"आमी?" तो बुचकळ्यात पडून ताईंकडे, मग उतरवलेल्या नकाशाकडे बघू लागला. "कुनी काढलं? कवा?"

"दीड बोट दिलंत. तुम्ही स्वतः किती दिलंत?"

"म्या एक दिलं," तो निरागसपणे म्हणाला. मग ग्लास फळीवर ठेवून तो दारातूनच ओरडला, "ओ तात्या, हितं या जरा. बाई बोचकं बांधाय लागल्यात."

तात्या आले. त्यांच्यामागून काकी आल्या आणि त्यांच्यामागून चक्क संपतरावही. तात्यांनी रिकाम्या भिंती पाहिल्या, टाचण्यांची डबी पाहिली, माझं तोंड पाहिलं.

"ह्ये काय चाललंय?"

"दीड आलं ना," मी म्हटलं. "तीनच्या खाली."

"अवो, पर त्यो पयला हात हुता," तात्या म्हणाले. "पयल्या हाताला खरा भाव कोन सांगतंय? पयल्याच हाताला पाच बोटं धरली तर लोक येडा म्हंतील की त्याला. आत्ता तर कुटं सौदा उघडलाय. आता तुमी बोलायचं. मग त्यांनी बोलायचं. मग पुन्यांदा हात घालायचा."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"ह्यात सांगायचं काय? तीन वर्सं झाली तुमाला बाजारात ऱ्हाऊन."

"तरी मला वाटलंच," संपतराव मागून म्हणाले. ते खरोखर दुखावलेले दिसत होते. "चा प्यायला थांबलो, तवर बाया उठून गेल्या. सौदा अर्ध्यावर टाकून कुनी जातंय व्हय? आमी समदे तितं बसलोय खोळंबून."

त्या वेळी ताई हसल्या. आधी नुसत्या खांद्यानं, मग तोंडावर हात घेऊन, आणि शेवटी हात काढून. मीही हसले, नाक ओढत. दगडूतात्यांवर मी अजून चिडलेलीच होते. इतकी वर्षं दलाली केलेल्या माणसाला समोरचं गिऱ्हाईक रडवेलं झालंय हे दिसू नये? काकी त्यांना तेच ऐकवत होत्या. "एवड्या जुन्या दलालाला येवडं बी कळंना," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

आम्ही परत लिंबाखाली गेलो. या वेळी तात्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. "मी नुसता मधला," ते म्हणाले. "बोट मी बगतो. बोलायचं तुमी."

पहिला मल्हारीच होता. तात्यांचा हात रुमालाखाली गेला आणि मल्हारी माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, आमी मेंढरं घिऊन दिवाळीपासनं शिमग्यापातूर भायेर असतो. पोरगं संगं. त्या चार म्हैन्यात तुमची शाळा माज्या पोराचं काय करती?"

मी अहवालाकडे पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. ते आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

"काही करत नाही," मी म्हटलं.

"ते म्हाईत हाय म्हून तर एक दिलं."

"तुमच्याकडे मोबाइल आहे ना? दर रविवारी मी फोन लावीन. धोंडिबानं मला एक पान वाचून दाखवायचं. पुस्तकं मी जातानाच बांधून देईन."

"रेंज आसंल तर."

"टेकडीवर चढायचं. मेंढरं तशीही टेकडीवरच असतात."

मल्हारी हसला. रुमाल हलला. तात्यांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. ताई मागं बसून अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत होत्या: रविवार, धोंडिबा, फोन.

मला हळूहळू त्यातली गोडी कळायला लागली. कुणी म्हणालं, पोरं लई प्रश्न विचारतात, घरी जेवू देत नाहीत. कुणी म्हणालं, पाढे पाठ पाहिजेत. पाढ्यांवर ताईंशी माझा स्वतःचाच वाद होता, त्यामुळं ते मी आनंदानं कबूल केलं. वामन शिंगाडेला इंग्रजी हवं होतं. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस हल्ली फाट्यापर्यंत यायला लागली होती, ती त्याच्या डोळ्यांत भरली होती.

"रोज एक तास इंग्रजी घेऊ," मी म्हणून टाकलं. आता मला बोटंच दिसत होती.

"नाही घेणार," मागून ताईंचा आवाज आला. "रोज जमणार नाही, शिकवायला दोघीच आहोत. आठवड्यातून तीन दिवस जमेल. जमणार नाही ते बोलू नका."

मी त्यांच्याकडे डोळे वटारले. वामननं थोडा विचार केला आणि हात काढून घेतला. त्याचं एक ते एकच राहिलं. जूनमध्ये त्याचा मुलगा पिवळ्या बसनं गेला, आणि तीन दिवसांचं इंग्रजी आम्ही बाकीच्यांना शिकवलं.

बाप्यांचं आटोपलं तेव्हा तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "वर आलंय, पर काठावर न्हाय अजून. बायका हायत."

बायकांकडं गेले तर काकी म्हणाल्या, "मी मदी कशाला? बाप्यांच्यात तुमाला हात घालता यीना म्हून त्ये मदी. हितं तुमीच घाला की हात." आणि त्यांनी माझा उजवा हात धरून आपल्या पदराखाली घेतला. स्वतःचा हात त्यांनी खालून लावून ठेवला, म्हणजे कुणी फसवाफसवी करायला नको.

पदराखाली एकेक हात यायला लागला. खुरप्यानं घट्टे पडलेले, शेणानं भेगाळलेले, एक ओला, नुकतंच लेकरू धुऊन आलेला. दिसत काही नव्हतं, आणि नुसतं समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघत बोलायचं. तीन वर्षांत मी या बायकांशी इतकं बोलले नव्हते. बाप्ये मागत होते ते बायका मागत नव्हत्या. एकीला मुलाच्या चपला शाळेत हरवतात याचा बंदोबस्त हवा होता. एकीचं म्हणणं, तिची मुलगी शाळेत बोलते आणि घरी गप्प असते, तर ती काय बोलते ते मला येऊन सांगा. मी सांगितलं. तिथंच बसून, पदराखाली हात ठेवून, तिची मुलगी विहिरीबद्दल काय बोलली होती ते सगळं सांगितलं, आणि माझ्या बोटांभोवतीची मूठ आपोआप मोठी होत गेली.

"जवळ आलंय," काकी पुटपुटल्या. "बाप्यांचं धरून बरुबर तीनावर हाय. आन येकच बाई ऱ्हायलीय."

ती सिंधूबाई खरात होती. बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी. तिची थोरली रेश्मा तिसरीत होती. पहिल्या फेरीत सिंधूबाईनं एकच बोट धरलं होतं, काकींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

तिनं हात पदराखाली घातला, पण काहीच धरलं नाही. माझा हात नुसता तिच्या हातावर पडून राहिला.

"तिसरीतली चार पोरं अडखळत वाचत्यात, असं तुमी वाचलंसा," ती हळू म्हणाली. "त्यात माजी रेश्मा हाय का?"

मी आजूबाजूला पाहिलं. "आहे."

"नाव का न्हाय घेतलं?"

"सगळ्यांसमोर कशाला घ्यायचं?"

"त्ये बरं केलं. पर मला येकटीला तरी सांगायचं हुतं. दिवाळीला तिचा चुलता आला. त्यानं पेपर ठिवला म्होरं, वाच म्हनला. पोरगी गप. घामाघूम झाली. मी म्हनलं, लाजतीया. मला काय ठावं?"

आमच्या अहवालात सगळं खरं होतं, आणि ते जिला सांगायला हवं होतं तिला आम्ही गावाबरोबरच सांगितलं होतं.

"शाळा सुटल्यावर रोज तिला जवळ घेऊन वाचून घेईन," मी म्हटलं. "अर्धा तास."

"नगं. मागं ठिवून घेतली की बाकीच्या पोरी इचारत्यात, हिला का ठिवली म्हून."

"मग शाळेच्या आधी?"

"आदी ती पानी भरती." सिंधूबाईनं थोडा विचार केला. "तुमी घरी या. मी भाकरी थापत आसती. ती चुलीम्होरं बसून वाचंल. तुमी ऐका, मी बी ऐकती. मला कळंल कुटं अडतीया ती. मी बी चौथी पास हाय, पार इसरली नसंन तर."

"बुधवारी येऊ?"

"बुधवारी मी खुरपायला जाती. सोमवारी."

"सोमवारी. आणि शुक्रवारी."

"शुक्कीरवारी बी?" तिनं जरा चकित होऊन माझ्याकडं पाहिलं. मग तिची बोटं हलली. माझं एक बोट धरलं, मग दुसरं. तिसरं. थोडं थांबून चौथं. चार बोटं तिच्या मुठीत घट्ट आवळलेली, आणि माझा अंगठा बाहेर.

काकींच्या खालच्या हातालाही ते कळलं. त्यांनी बाप्यांकडं बघून नुसती मान हलवली आणि तिकडे तात्यांनी पटका सारखा केला. झालं होतं. शेड राहिलं होतं. शाळा राहिली होती. मी गप्प हात काढून घ्यायला हवा होता. पण दिवसभर सौदा करून मला चटक लागली होती.

"आणि पाचवं, सिंधूबाई?" मी म्हटलं. "सोमवार दिला, शुक्रवार दिला. आणखी काय हवं? सांगा, तेही करते."

"आनखी काय नगं."

"मग धरा की."

ती पहिल्यांदाच हसली. मूठ मात्र तिनं सोडली नाही.

"पाची धरली म्हंजी सौदा मिटला, बाई," ती म्हणाली. "मिटला की मानूस उठून जातंय. तुमी येका वर्साच्या बोलीवर आलाय, ठावं हाय समद्यास्नी. ह्ये येक ऱ्हाऊ द्या. पुढल्या सालाला इचाराया तर याल."

मी पदराखाली तिच्या हातावर दुसरा हात ठेवला. काकींनी पदर हळूच काढून घेतला आणि कुणीच काही पाहिलं नाही असं दाखवत सगळ्याजणी उठून लुगडी झटकू लागल्या.

तिकडे तात्यांनी निकाल सांगितला, तीनाच्या वर, आणि आपल्यामुळंच ते झालं अशा थाटात चारी बाजूंना पाहिलं. संपतरावांनी तंबाखू थुंकली. "बरं झालं," ते म्हणाले, "आता माजा कडबा कुटं ठिवायचा ते तरी सांगा." त्यावर वेगळाच सौदा सुरू झाला. ताई शेडमध्ये जाऊन भिंतीला नकाशा पुन्हा लावत होत्या. मी टाचण्यांची डबी धरून उभी राहिले आणि त्या मागतील तशी एकेक देत गेले.

त्या आठवड्यात मी भावाला कळवलं की नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सुनंदाताई मिरजेला परत गेल्या, शाळा माझ्याकडं आली. रेश्मा चुलीपुढं बसून वाचायला शिकली, आणि सिंधूबाई तिच्यासोबत पुन्हा शिकली. त्यानंतर तिचे दोन मुलगे आमच्याकडं शिकून गेले. अहवाल मी अजून दर चैत्रात वाचते, पण आधी चार घरी जाऊन, ज्याचं त्याला सांगून येते. मग रुमाल निघतो, पदर निघतो, पहिला हात दीडाला उघडतो, आणि आता मी त्या वेळात स्वस्थपणे चहा पिते.

गेल्या वर्षी सिंधूबाईचं कुणीच शाळेत उरलं नव्हतं. तरी ती आली आणि बायकांत शेवटी बसली. "आता तुमचं कोण आहे इथं?" मी चेष्टेनं विचारलं. "कशाला देता मत?" तिनं पदर पुढं ओढला आणि त्याखाली माझा हात घेतला. चार बोटं धरली. मी अंगठा हलवून पाहिला, तो मोकळाच होता.

"येते पुढल्या वर्षी," मी म्हटलं.

"या," ती म्हणाली.